निळा दगड : तांब्याचा की दुसऱ्याच धातूचा?
पुणे परिसरातील दुर्मिळ खनिजाची ओळख, संग्रह आणि सचोटीचा व्यवहार

लोणावळ्याला जाणारा प्रवासी चिक्की घेतो, कार्ल्याला जाणारा लेणी पाहतो. वाटेवर कुठे रंगीत दगड मांडलेले दिसले तर थांबून भावही विचारतो. पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक त्याला आवडतात. पण निळा दगड दिसला की त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो, कारण निळा रंग दगडात क्वचित सापडतो. नेमक्या याच ठिकाणी जाणकार कमावतो आणि अजाण माणूस गमावतो.

काही दिवसांपूर्वी ओळखीतला एक यंत्रमाग कारागीर दुकानावर आला. रुमालात काळजीपूर्वक गुंडाळलेला एक दगड त्याने गादीवर ठेवला. काळसर दगडावर कापसाच्या बोंडासारखे गर्द निळे गोळे होते. "शेठ, हे लोणावळ्याकडचं तांब्याचं दुर्मिळ खनिज आहे. परदेशात याचे दसपट येतात," तो म्हणाला. महिन्याच्या मजुरीतला मोठा हिस्सा त्याने त्यात घातला होता आणि आता त्याला गिऱ्हाईक हवे होते. माझा धंदा कापडाचा. दगडाचे मला फारसे कळत नसले तरी रंगाचे थोडे कळते. पांढऱ्या मलमलीचा तुकडा स्पिरिटमध्ये भिजवून मी एका गोळ्याच्या कडेला हलकेच टेकवला. मलमल निळी झाली. कच्चा रंग! कारागिराचा चेहरा उतरला.

त्या दिवसानंतर या विषयाची शक्य तेवढी माहिती मी मिळवली. आपले अनेक बंधू जुन्या वस्तू, नगीने, शोभेचे दगड आणि हस्तकलेच्या व्यापारात आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ती येथे देत आहे.

निळा म्हणजे तांबे, हा समज

निळा किंवा हिरवा दगड दिसला की त्यात तांबे आहे असे लोक सर्रास म्हणतात. हा समज अगदी निराधार नाही. मोरचूद, ज्याला उर्दूत नीलाथोथा म्हणतात, ते तांब्याचेच आहे. रंगारी ते रंग पक्का करण्यासाठी वापरत आले आहेत. अंगठीतला फिरोजा तांबे आणि अॅल्युमिनियमचा फॉस्फेट आहे. इराणातील निशापूरचा फिरोजा जगभर नावाजलेला आहे. गडद निळे अॅझुराइट हा तांब्याचा कार्बोनेट आहे.

पण प्रत्येक निळ्या दगडात तांबे असते असे नाही. अफगाणिस्तानातील बदख्शानचे लाजवर्द निळे असते ते त्यातील गंधकामुळे. अॅझुराइटचे नाव याच 'लाजवर्द' शब्दापासून आले आहे, तरी दोन्हींच्या निळाईचे कारण वेगळे. नीलमचा निळा रंग लोखंड आणि टिटॅनियम यांच्या अंशामुळे येतो. आपली नीळ तर झाडाच्या पाल्यातून निघते. केवळ रंग पाहून धातू ठरवणे म्हणजे केवळ रंग पाहून कापड सुती की रेशमी हे ठरवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. तांब्याच्या मोठ्या खाणी राजस्थानात खेतडीला, मध्य प्रदेशात मलाजखंडला आणि झारखंडात सिंहभूमला आहेत. मावळ, लोणावळा आणि खंडाळ्याचा सारा डोंगर काळ्या बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. या खडकात तांब्याच्या धंद्याजोग्या खाणी नाहीत. म्हणून 'लोणावळ्याचे तांब्याचे निळे खनिज' असे कोणी म्हटले की खिशात हात घालण्याआधी दोन प्रश्न विचारावेत.

मग पुण्याचे निळे खनिज कोणते?

निळ्या दगडासाठी पुणे जगभर प्रसिद्ध आहे हे मात्र खरे. त्या दगडाचे नाव कॅव्हन्साइट. त्याची निळाई तांब्याची नसून व्हॅनेडियम नावाच्या धातूची आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांची सुरुवातीची अक्षरे जोडून हे नाव बनवले गेले. दगडात पाण्याचा अंशही असतो.

हे खनिज प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आढळले. स्टेपल्स, इव्हान्स आणि लिंडसे या संशोधकांनी १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. सोबत पेंटागोनाइट नावाच्या त्याच्या जुळ्या भावाचेही वर्णन केले. दोघांचे घटक तेच आणि प्रमाणही तेच, फक्त आतली रचना निराळी. एकाच सुतापासून दोन वेगळ्या विणी काढाव्यात, तसे हे आहे. पेंटागोनाइटचे जुळे स्फटिक आडवे कापले तर पाच टोकांच्या ताऱ्यासारखे दिसतात. त्यावरूनच त्याला हे नाव पडले.

ओरेगॉनचा माल थोडा आणि बारीक होता. पुणे-नगर रस्त्यावरील वाघोलीच्या दगडखाणींतून मात्र असे नग निघाले की जगभरचे संग्राहक पाहत राहिले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील माल मोठ्या प्रमाणात बाजारात आला. आज जगातील मोठ्या संग्रहालयांत जे उत्तम कॅव्हन्साइट दिसते, ते बहुतांशी वाघोलीचे आहे. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत २००१ साली के. सी. पांडे यांनी उभारलेल्या गारगोटी संग्रहालयातही ते पाहता येते. या व्यापारात उतरायचे असेल त्याने आधी तेथे एक दिवस घालवावा. अस्सल माल नजरेत बसल्याशिवाय खोटा माल ओळखू येत नाही.

व्हॅनेडियम आपल्या धंद्यालाही अगदी परका नाही. एकोणिसाव्या शतकात कापडावर अॅनिलिनचा काळा रंग चढवताना त्याचे क्षार वापरले जात. आज त्याचा मुख्य उपयोग पोलाद कणखर करण्यासाठी होतो. पुणे परिसरातील हिरव्या अॅपोफिलाइटचा रंगही याच धातूमुळे येतो. तेव्हा हिरवा दगड 'तांब्याचा' म्हणून विकणाराही बहुधा चुकीचेच सांगत असतो.

दगडाच्या पोटात स्फटिक कसे येतात?

लाव्हा थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि खडकात पोकळ्या तयार झाल्या. पुढे गरम पाणी भेगांतून झिरपत राहिले. त्याने खडकातील द्रव्ये विरघळवली आणि पोकळीत आणून हळूहळू बसवली. स्टिलबाइट, ह्यूलॅन्डाइट, अॅपोफिलाइट, कॅल्साइट आणि गारगोटी हे सारे असेच तयार झाले. वाघोलीत याच पाण्यात व्हॅनेडियमही होते, म्हणून तेथे पांढऱ्या स्टिलबाइटवर निळी फुले उमलली.

मावळात स्फटिक नाहीत असे नाही. बोरघाटातील रेल्वेचे काम १८६३ साली पूर्ण झाले. डोंगर फोडताना अशा पोकळ्या उघड्या पडल्या आणि येथील झिओलाइट स्फटिक विलायतेच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले. मात्र मावळ-लोणावळ्याचा माल मुख्यतः पांढरा, पारदर्शक किंवा फिकट छटेचा असतो. निळ्या कॅव्हन्साइटचे गाव वाघोली, आणि ते पुण्याच्या दुसऱ्या बाजूला आहे. ज्याला मालाचा उगमच नीट सांगता येत नाही, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर किती विसंबावे हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

पारख : नजरेपासून काट्यापर्यंत

पहिली पारख आकाराची. कॅव्हन्साइट बहुधा बारीक सुयांच्या गोल झुपक्यात असते. सुया मध्यबिंदूपासून चहूकडे फुटतात. गोळा वाटाण्याएवढा, फार तर बोराएवढा. पृष्ठभाग खरखरीत चमकतो आणि रंग मोरपिसासारखा निळा. पेंटागोनाइटचे स्फटिक अधिक लांब, चपटे आणि सुटे दिसतात. अॅझुराइटचा निळा अधिक गडद असतो, काही वेळा काळसर वाटतो, आणि त्याच्यासोबत बहुधा हिरवे मॅलाकाइट असते.

दुसरी पारख सोबतच्या खनिजाची. अस्सल वाघोली नगात निळ्या गोळ्याखाली किंवा भोवती स्टिलबाइट, ह्यूलॅन्डाइट किंवा कॅल्साइट असते आणि त्याखाली बेसाल्ट. मातकट, वाळूच्या दगडावर निळे खनिज बसलेले असेल तर तो माल दुसऱ्या मुलखाचा समजावा.

तिसरी पारख रंगाची. ओकेनाइट नावाचे एक पांढरे, लोकरीसारखे खनिज आपल्याच बेसाल्टमध्ये मिळते. ते शाईने किंवा रंगाने निळे करून विकतात. आमच्या कारागिराच्या हाती तेच आले होते. भिंगातून पाहिल्यास तंतूंच्या बुडाशी आणि शेजारच्या भेगांत रंग साचलेला दिसतो. खालचा दगडही जागोजागी डागाळलेला असतो. स्पिरिटचा बोळा कोपऱ्यात टेकवला की कच्चा रंग उतरतो. हे विक्रेत्याच्या परवानगीनेच करावे. अस्सल माल विकणारा सहसा नाही म्हणत नाही.

चौथी पारख मोरचुदाची. मोरचुदाचे मोठे निळे स्फटिक घरच्या भांड्यातही वाढवता येतात आणि दगडावर जमवून नैसर्गिक म्हणून खपवता येतात. ते पाण्यात विरघळतात. कॅव्हन्साइट आणि अॅझुराइट विरघळत नाहीत. सुटा कण पाण्यात टाकून पाहावा. पाणी निळे झाले तर त्यात घासलेला लोखंडी खिळा सोडावा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर तांबे नक्की. मोरचूद विषारी आहे. ते चाखू नये, आणि या परीक्षेला स्वयंपाकाचे भांडे वापरू नये.

पाचवी पारख आम्लाची. अॅझुराइटच्या कणावर पातळ आम्लाचा थेंब टाकला तर फेस येतो. कॅव्हन्साइटला स्वतःला फेस येत नाही. पण येथे घोटाळा होतो. कॅव्हन्साइट पुष्कळदा कॅल्साइटला चिकटलेले असते आणि कॅल्साइट जोरात फसफसते. फेस पाहून 'हे अॅझुराइट' असा निवाडा करणारे फसतात. शिवाय आम्लाने नग खराब होतो. म्हणून ही परीक्षा गळून पडलेल्या कणावरच करावी.

सहावी पारख वजनाची. सोनाराच्या काट्याची सवय असलेल्यांना ती सोपी आहे. सुटा, एकजिनसी तुकडा हवेत तोलावा, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलावा. हवेतल्या वजनाला घटीने भागावे. समजा हवेत ३८ ग्रॅम आणि पाण्यात २८ ग्रॅम भरले, तर घट १० आणि उत्तर ३.८. हे अॅझुराइटच्या जवळचे आहे. हवेत २३ आणि पाण्यात १३ भरले तर उत्तर २.३, म्हणजे कॅव्हन्साइटच्या जवळचे. मूळ खडकासह असलेल्या नगाला ही रीत लागू नाही. कठीणपणावर मात्र विसंबू नये. दोन्ही खनिजे या बाबतीत जवळपास सारखीच आहेत आणि ओरखडा काढून पाहणे म्हणजे नग बिघडवणे.

डिंकाचा माल

रंगवलेल्या मालापेक्षा चिकटवलेला माल ओळखणे अवघड, कारण त्यातील दोन्ही वस्तू अस्सल असतात. निळा गोळा खाणीत सुटून पडतो. सुट्या गोळ्याला भाव कमी, स्टिलबाइटवर बसलेल्याला कितीतरी जास्त. मग कोणीतरी तो गोळा पांढऱ्या स्टिलबाइटवर डिंकाने बसवतो. दहापट मोठा करून दाखवणाऱ्या भिंगातून गोळ्याच्या बुडाशी पाहावे. तेथे काचेसारखी चकाकी, बारीक बुडबुडे किंवा दगडाचा भुगा चिकटलेला दिसला तर शंका घ्यावी. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली अनेक डिंक चमकतात. नैसर्गिक गोळ्याच्या मुळाशी स्टिलबाइटचे स्फटिक त्याला धरून वाढलेले दिसतात.

दुरुस्ती करणे हा गुन्हा नाही, ती लपवणे ही लबाडी आहे. फाटलेल्या शालूला रफू करून तो 'रफूचा माल' म्हणून विकला तर गिऱ्हाईक पुन्हा येते. रफू लपवून विकला तर ते परत येत नाही, आणि दहा जणांना अडवते. परदेशातील संग्राहकही दुरुस्त केलेला नग घेतात, फक्त चिठ्ठीवर तसे लिहिलेले असावे एवढीच त्यांची अपेक्षा असते.

गोळा करायचा, पण कुठून?

मावळात जाऊन हातोडा चालवावा असे कोणाला वाटेल, तर त्याने थांबावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवर हक्क शासनाचा आहे. परवान्याशिवाय उत्खनन किंवा वाहतूक केल्यास दंड होतो आणि माल जप्त होतो. कार्ला, भाजे, बेडसे येथील लेणी आणि लोहगड, विसापूर हे किल्ले संरक्षित स्मारके आहेत. लोहगडाचा तर २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथील एक खपलीसुद्धा काढू नये. वनजमिनीवर वनखात्याचा कायदा लागू आहे आणि रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हाही गुन्हा आहे.

पावसाळ्यात तर या डोंगरांपासून दूरच राहावे. ३० जुलै २०१४ रोजी याच पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, ते कोणी विसरू नये.

सरळ मार्ग एकच. परवाना असलेल्या चालू दगडखाणीच्या मालकाची लेखी संमती घ्यावी आणि माल पावतीसह विकत घ्यावा. सुरुंग उडाल्यावर लगेच कड्याखाली जाऊ नये. डोक्याला टोप, डोळ्यांना चष्मा, नाकाला फडके असावे. दगडाची धूळ फुप्फुसात बसते आणि पुन्हा निघत नाही.

वाघोलीत आता पूर्वीचे दिवस नाहीत. २०२१ साली ते गाव पुणे महानगरपालिकेत आले आणि परिसरात इमारती उभ्या राहत आहेत. म्हणून जुन्या संग्रहातील चांगल्या नगांना मान वाढत आहे. याचा फायदा घेऊन 'जुन्या खाणीचा शेवटचा माल' असे सांगणारेही वाढतील. ते गोड बोलणे ऐकून घ्यावे, पण दगड पाहूनच निर्णय करावा.

खाणीतला हात

या व्यापारात एक गोष्ट मनाला टोचते. पोकळी प्रथम दिसते ती खाणीतल्या मजुराला. खडी क्रशरला जाणाऱ्या दगडातून तो नाजूक फूल वाचवतो. एक चुकीचा घाव पडला तर सारे चुरा. तरी साखळीत सर्वात कमी पैसे त्यालाच मिळतात. तोच नग मुंबईच्या निर्यातदाराकडून अमेरिकेतील टक्सन किंवा जर्मनीतील म्युनिकच्या खनिज प्रदर्शनात पोहोचतो, तेव्हा त्याची किंमत मजुराच्या कल्पनेपलीकडे गेलेली असते.

जो व्यापारी मजुराला पहार सोडून बारीक छिन्नी वापरायला शिकवतो, वर्तमानपत्र आणि खोके पुरवतो आणि न तुटलेल्या नगाला वेगळा भाव देतो, त्यालाच पुढे चांगला माल मिळतो. यात परोपकार आहे आणि धंद्याचे गणितही आहे. विणकराला नीट मजुरी देणाऱ्याच्या थानात गाठी कमी असतात, हा आपला रोजचा अनुभव आहे.

जतन आणि विक्री

नग मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने हळुवार धुवावा. ओकेनाइटसारख्या तंतूंच्या नगाला पाणी लावू नये, तंतू एकमेकांना चिकटून बसतात. आम्ल वापरू नये, कारण खालचा कॅल्साइट विरघळतो आणि झिओलाइटही खराब होते. नग तापवू नये, कारण कॅव्हन्साइटच्या रचनेत पाणी आहे. अंगठीत किंवा लॉकेटमध्ये बसवण्याचा मोह टाळावा. हा दगड ठिसूळ आहे, रोजच्या वापरात टिकत नाही. कापण्या-घासण्याची धूळ आरोग्याला अपायकारक, म्हणून हात लावल्यावर ते धुवावेत.

प्रत्येक नगासोबत चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर खनिजाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, मिळाल्याचे वर्ष आणि दुरुस्ती असल्यास ती लिहावी. चिठ्ठी हरवली की नगाची अर्धी ओळख हरवते. वाघोलीच्या मालाला लोणावळ्याचे नाव देऊ नये, लोणावळ्याच्या मालाला वाघोलीचे देऊ नये. निर्यात करायची असल्यास विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो. मालाच्या उगमाची पावती आणि खरेदीचे बिल जपून ठेवावे.

शेवटी त्या कारागिराचे

रंग उतरल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "शेठ, मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही पुढच्याला सांगितलं नाही तर माझे पैसे तरी निघतील." त्याच्या घरची अडचण मला ठाऊक होती, म्हणून हे बोलणे ऐकून रागापेक्षा वाईटच जास्त वाटले. मी एवढेच म्हटले, "तुझे पैसे निघतील, पण त्याचे बुडतील. त्याच्याही घरी मुलं असतील."

दोन दिवसांनी तो परत आला. विकणाऱ्याचा पत्ता लागला नव्हता. त्याने दगड एका शोभेच्या वस्तूंच्या दुकानात दिला. सोबतच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहिले होते : 'ओकेनाइट, रंग वरून दिलेला.' पैसे थोडेच आले. घातलेल्या रकमेचा चौथा हिस्साही नाही. आता त्याच्या खिशात एक लहानसे भिंग असते. परवा दुकानावर आला तेव्हा त्याने ते काढून आमच्या नव्या थानाची वीण तपासली आणि त्यात एक सुटलेला धागा दाखवला. त्याचे बरोबर होते. ते थान मी वेगळे काढून ठेवले आहे, कमी भावात, दोष सांगून विकण्यासाठी.